परक्याचं कापड

धाकटीची लेक नांदायला गेली त्या वर्षी पावसानं अर्ध्यातच अंग काढून घेतलं. लेकीची गाडी वळणाआड गेली तेव्हा चार थेंब पडले, तेवढेच. त्यानंतर आभाळ पुसून ठेवल्यासारखं कोरडं झालं. ओढा आटला, कुरण पिवळं पडलं, आणि गवताच्या पेंढीकडं माणसं ताटातल्या घासाकडं बघावं तशी बघू लागली.

घरात तिला धाकटी म्हणत, कारण ती धाकटी सून. सासू गेली, दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, मधे भिंत आली, तरी नाव तेच राहिलं. तिचा नवरा दूध घालायचा. गोठ्यात म्हशी होत्या, एक लाल गाय होती. पहाटे धारा काढून तो सायकलला कॅन बांधून जायचा तो ऊन तापल्यावर परत यायचा. भिंतीपलीकडं थोरले दीर राहायचे. ते नालबंद. बैलांना, गाडीच्या घोड्यांना नाल ठोकायचे, खूर तासायचे. त्यांच्या मागं सगळ्या वस्तीतली कुत्री शेपूट हलवत फिरायची, कारण तासलेल्या खुराच्या चकत्या कुत्र्यांना फार आवडतात.

भाऊ भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. कुरणाचा ओढ्याकडचा पट्टा कुणाचा, यावरून जे तोंड फिरलं ते फिरलंच. बायका तेवढ्या भिंतीवरून एकमेकींना चाळण द्यायच्या, विरजण द्यायच्या आणि नवऱ्यांची चाहूल लागली की गप्प व्हायच्या.

गोठ्यामागं गवताची गंजी होती. त्या उन्हाळ्यात ती म्हशींच्या तोंडानं कमी आणि कुणाच्या तरी हातानं जास्त उतरत होती. नवरा रोज सकाळी कमरेवर हात ठेवून गंजीपुढं उभा राहायचा.

"काल माझ्या खांद्याला होती. आज बघ."

"जनावरं खातात की नाही?" धाकटी म्हणाली.

"मी वरून काढून घालतो. हे बघ, इथं कडेनं ओढलंय. हा पेंढा खाली सांडलाय तो काय वाऱ्यानं?"

"मग कोण असेल?"

"कोण असेल ते असेल. सापडला की त्याच्या तोंडात हेच गवत कोंबतो."

हवालदार दुधाला आले होते. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण मिशी अजून नोकरीत होती. त्यांनी दुधाचं भांडं कट्ट्यावर ठेवलं आणि अंगणात उताण्या पडलेल्या कुत्र्याकडं बोट केलं. "हे काय करतं मग?"

कुत्र्याचं नाव भोपळ्या. पिल्लू असताना पोट भोपळ्यासारखं होतं म्हणून. आता तो चांगला दांडगा झाला होता, पण अक्कल पिल्लाचीच होती.

"हे?" नवरा म्हणाला. "चोर आला तर गवताची पेंढी त्याच्या डोक्यावर चढवू लागेल."

"लागेलच. माणूस म्हणजे पाव देणारा, एवढंच तुम्ही त्याला शिकवलंय. त्याला दुसरा माणूस शिकवा." हवालदार खाली बसले. त्यांना शिकवायला फार आवडायचं. "एक बुजगावणं करा. जुना कोट, आत गवत. बाहीत काठी घालून कुत्र्याला डिवचायचं. चिडलं की म्हणायचं 'धर'. धरलं, ओढलं, तुकडा तोडला, की लगेच दुधात भिजवलेला पाव. पण एक ध्यानात ठेवा. कापड परक्याचं हवं. घरच्याचं घ्याल तर ते घरच्यालाच फाडेल. कुत्रं नाकानं शिकतं."

"परक्याचं कापड आणू कुठून? कुणाकडं मागायचं, तुझा कोट दे, कुत्र्याला फाडायला देतो म्हणून?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझा मागू नका. मला अजून घालायचाय."

नवरा धाकटीकडं वळला. "तू बघ गं काहीतरी."

आणि धाकटीनं बघितलं.

गोठ्याच्या आतल्या भिंतीला एक खुंटी होती आणि त्या खुंटीवर एक लोकरी कोट होता. थोरल्यांचा. हिवाळ्यात भट्टीपुढं बसताना ते तो घालायचे. ठिणग्यांनी त्याला जागोजागी भोकं पडली होती. वाटण्यांत पळ्या मोजल्या, दोऱ्या मोजल्या, पण तो कोट कुणी न्यायला आलं नाही आणि कुणी नेऊनही दिला नाही. त्यावर धूळ बसली होती. तिनं तो खाली घेतला तेव्हा जळक्या खुराचा, लोखंडाचा आणि घामाचा वास आला.

घरचा की परका? तिनं क्षणभर विचार केला. फार नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच. वर्षभर ज्या माणसानं उंबऱ्याला पाय लावला नाही तो घरचा कसा, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिनं कोट उलटा केला, अस्तर बाहेर काढलं, भोकांवर गोणपाटाची ठिगळं लावली, बाह्यांची तोंडं शिवली आणि आत गवत भरलं. उलटा का केला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. नवऱ्यानं विचारलं, "कुणाचा गं?" तर ती म्हणाली, "चिंध्यांच्या बोचक्यात होता."

शिकवणी सुरू झाली. दूध घालून आला की नवरा बुजगावण्याला पाठीमागून धरायचा, बाहीतली काठी हलवायचा, भोपळ्याच्या बरगडीत खुपसायचा. पहिल्या दिवशी भोपळ्या लाडात येऊन त्या बाहीलाच चाटू लागला. दुसऱ्या दिवशी पळाला. मग नवऱ्यानं त्याला खुंट्याला बांधलं आणि पळायची सोय काढून घेतली. काठी लागत राहिली तशी त्याच्या मानेवरची लव उभी राहायला लागली. एक दिवस त्यानं बाही धरली आणि डोकं झटकत ओढली. गोणपाटाचा तुकडा निघाला. तो त्यानं थेट धाकटीच्या पायाशी आणून टाकला आणि बसला, जीभ बाहेर, शेपूट धुळीत आपटत. तिनं त्याला पाव दिला. दुधात भिजलेला पाव. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. हे तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

हवालदारांनी बघितलं आणि मान डोलावली. "झकास. आता 'सोड' शिकवा."

"सोड कशाला? चोराला सोडायला शिकवू होय?" नवरा म्हणाला.

"शिकवा हो. धर शिकवणं हे निम्मंच काम आहे."

"निम्म्यातच भागलं तर बाकीचं कशाला?"

सगळे हसले. धाकटीही हसली.

लाल गाय लंगडायला लागली होती. खूर वाढून वळला होता. गुरं पाण्याच्या टाकीवर नेताना थोरले वाटेत दिसायचे, ते गाईच्या पायाकडं बघायचे आणि तोंड फिरवायचे. धाकटीला कळायचं, त्यांचे हात शिवशिवत असणार. पण बोलणार कोण?

एके सकाळी नवरा दूध घालायला गेला होता. धाकटी म्हशीची राहिलेली धार काढत बसली होती. भोपळ्या मोकळा होता. गोठ्यामागून आवाज आला. माणसाचा होता, पण त्यात शब्द नव्हता.

ती भांडं हातात घेऊनच धावली. थोरले गंजीवर अर्धे आडवे पडले होते आणि त्यांचा उजवा हात भोपळ्याच्या तोंडात होता. कोपराच्या खाली. कुत्रं डोकं झटकत होतं, जसं शिकवलं होतं तसं. हत्यारांची पिशवी उपडी झाली होती. कानस आणि खुराची सुरी मातीत पडली होती.

"सोड! भोपळ्या, सोड!"

हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता. ती जितकी ओरडली तितका त्याचा जबडा आवळत गेला. तिनं फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. काही नाही. शेवटी तिनं हातातलं सगळं दूध त्याच्या नाकातोंडावर ओतलं. तो ठसकला आणि सुटला. पण सुटताना त्यानं सदऱ्याच्या बाहीचा तुकडा तोडून घेतलाच. तो रक्तानं आणि दुधानं भिजलेला तुकडा त्यानं आणून धाकटीच्या पायाशी ठेवला, आणि बसला. शेपूट हलवत. पावाची वाट बघत.

तेव्हा तिला कळलं. सगळं एकदम कळलं.

आवाज ऐकून माणसं जमली. कुंपणावरून पहिलं तोंड डोकावलं ते हवालदारांचं. "शिकला की हो!" ते मोठ्यानं म्हणाले, आणि मग पडलेला माणूस कोण ते त्यांना दिसलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मागून दोन गाडीवाले आले. त्यांना जे दिसलं ते एवढंच: दूधवाल्याच्या गंजीपाशी त्याचा भाऊ पडलाय, आणि त्याच्या केसांत, सदऱ्यात, दाढीत गवत आहे.

जाऊबाई पाण्याचा हंडा घेऊन भिंतीतल्या खिंडारातून आली.  तिनं थोरल्यांचा हात मांडीवर घेतला आणि पाणी ओतू लागली. धाकटीनं घरातून साबण आणला. तेवढ्यात सायकल आली. नवऱ्यानं कॅन उतरवले नाहीत, तसाच उभा राहिला.

"मागच्या वाटेनं?" तो म्हणाला.

वर्षभरानंतर भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

"गाय लंगडते," थोरले म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "म्हटलं, तू नसताना तासून जावं."

"मी नसताना."

"पुढनं आलो असतो तर तू नको म्हणाला असतास."

"गंजी इथं, गाय तिथं. गाईचा खूर गवतात असतो होय?"

थोरल्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग जमलेल्या माणसांकडं. त्यांनी डाव्या हातानं दाढीतली काडी काढली, आणि ती कुठं टाकावी हे त्यांना कळेना. ती त्यांनी मुठीत धरून ठेवली.

"बास झालं पाणी," नवरा म्हणाला. "चुना दाबा जखमेत. पाणी काय उगवतंय?"

"ओता जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि आपल्या घरातली घागरही तिनं आणून रिती केली. त्या आठवड्याचं पाणी होतं ते. नवऱ्यानं ते मातीत जिरताना बघितलं. माणसं बघत होती, म्हणून त्यानं नुसते सायकलवरचे कॅन उतरवायला घेतले.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जखम बघितली, पुन्हा साबणानं धुतली, चांगला वेळ धुतली. "चुना, तिखट, तंबाखू, काही लावलं नाही ना?"

"नाही."

"एवढं एक शहाणपण केलंत. टाके घालणार नाही, उघडीच ठेवते. जखमेत औषध टोचते आणि दंडात सुई. पुढच्या सुया चुकवायच्या नाहीत. कुत्रं कुणाचं?"

"माझं," धाकटी म्हणाली.

"लस दिली होती त्याला?"

"नाही."

"पाळायला येतं, लस द्यायला येत नाही. मारू नका त्याला. बांधून ठेवा आणि लक्ष ठेवा. खात-पीत राहिलं तर ठीक. आणि चावलं कशामुळं?"

धाकटीनं तोंड उघडलं. थोरलेच आधी बोलले. "मुक्या जनावराला काय कळतं, बाई. मी मागनं गेलो, परक्यासारखा."



घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते बुजगावण्याचं. पेंड शिजवायच्या चुलीत ते कोंबलं. गवत भडकन पेटलं, पण लोकर धुमसत राहिली. जळक्या खुराच्या वासानं अंगण भरलं. नवरा म्हणाला, "जाळलंस कशाला? अजून कामाचं होतं." ती म्हणाली, "काम झालं त्याचं."

त्यानंतर गंजी हलली नाही. एक पेंढी गेली नाही. चोरानं कुत्र्याची कीर्ती ऐकली असेल, दुसरं काय. पण लोकांनी हिशेब वेगळा मांडला.

"ज्याच्यामागं सगळी कुत्री शेपूट हलवत फिरतात, त्यालाच हे चावतं," गिरणीत एकजण म्हणाला. "का?"

"नाकाला कळतं. माणसाला नाही कळत ते."

"आणि आता चोरी बंद. बघा म्हणजे झालं."

"भाऊच भावाचं गवत खातो. जनावरं उपाशी राहतील नाहीतर काय!"

थोरले रोज सकाळी पाण्याच्या टाकीपाशी झाडाखाली बसायचे. तिथंच गाडीवाले जनावरांना पाणी पाजायचे आणि नाल ठोकून घ्यायचे. बांधलेल्या हातानंही ते जाऊन बसले. ऐरण पुढं, पिशवी बाजूला. माणसं पाणी पाजून निघून जायची. "अजून चालेल हा नाल," कुणी म्हणायचं. कुणी तेही म्हणायचं नाही. नालबंदाला दुसऱ्याच्या गोठ्यात जावं लागतं, आणि गोठ्याशेजारी गंजी असते. टाकीपाशी पोरं ओरडायची, "गवत घ्या, गवत!" कुत्री मात्र अजून त्यांच्याभोवती बसायची, चकत्यांच्या आशेनं. त्यांना द्यायला थोरल्यांकडं काही नव्हतं.

सुईच्या दिवशी त्यांच्याबरोबर धाकटी जायची. जाऊबाईचे गुडघे चालायचे नाहीत, आणि कुत्रं धाकटीचं होतं. ती त्यांच्या मागं दोन पावलं चालायची. एकदा वाटेत ते थांबले.

"धाकटे, एक विचारू?"

"विचारा ना, भाऊजी."

"मी गवत उचललं असं वाटतं तुला?"

"नाही," ती म्हणाली. "नाही हो, भाऊजी. तुम्ही नाही."

"बरं." त्यांनी मान हलवली. चेहरा इतका हलका झाला की तिला तो बघवेना. "तू म्हणतेस तेवढं पुरे. धाकट्याला नाही वाटत तसं. पण तू म्हणतेस ना." मग थोडं चालून म्हणाले, "तू चांगली आहेस गं. आधीपासून."

ती मागं चालत राहिली. दोन पावलांची तिनं चार पावलं केली.

दुपारी, नवरा झोपला की, ती भोपळ्याला 'सोड' शिकवू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. दोरीचा तुकडा त्याच्या तोंडात द्यायचा, दुसऱ्या हातात पाव धरायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, सोड. ओरडायचं नाही, ओढायचं नाही, ओढलं की तो जास्त धरतो. त्यानं आपण होऊन तोंड उघडलं की पाव. काही दिवस तो नुसताच तिच्याकडं बघत बसला, दोरी तोंडात, लाळ गळतेय. ती बसून राहायची. तिला घाई नव्हती. दोरीनंतर चिंधी, चिंधीनंतर बाहीचा तुकडा. एक दिवस तिनं शब्द पुरता उच्चारायच्या आत त्यानं तोंड उघडलं आणि तिला रडू आलं. भोपळ्यानं तिचं तोंड चाटलं.

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. कोट कुणाचा होता ते.

त्याचा घास हातातच राहिला. तो त्यानं ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "उद्या कुणाला सांगशील तर बघ."

"त्यांचं काम बसलंय."

"आणि आपलं? लोक म्हणतील, भावाच्या अंगावर कुत्रं शिकवलं. कुरणासाठी. मला माहीत नव्हतं हे कुणाला पटणार?"

"मला माहीत होतं."

"मग तूच गप्प बस. ज्याला माहीत आहे त्यानंच गप्प बसायचं असतं." त्यानं ताट सरकवलं. "दादाला काय, विसरतील लोक. पाऊस पडला की विसरतील."

पण पावसाचं चिन्ह नव्हतं. सकाळी ती भिंतीतल्या खिंडारातून पलीकडं गेली. जाऊबाई चिंध्या उकळत होती, जखमेवर बांधायला.

"जाऊबाई, भाऊजींचा कालचा सदरा द्या."

"धुवायचाय अजून."

"न धुतलेलाच हवा." आणि मग एका दमात, "कुत्र्याला शिकवायला मी भाऊजींचा कोट वापरला. खुंटीवरचा. मीच शिवला."

जाऊबाईनं काठीनं चिंध्या खाली दाबल्या. पाणी उकळून काठावर आलं, तिनं जाळ मागं ओढला. मग ती आत गेली, सदरा आणला आणि तो धाकटीच्या अंगावर फेकला. हातात दिला नाही.

टाकीपाशी गाड्या उभ्या होत्या. थोरले झाडाखाली बसले होते. त्यांच्यापासून लांब, त्यांचा वास वाऱ्यानं कुत्र्याकडं येणार नाही अशा बाजूला धाकटी भोपळ्याला जाड दोरीनं धरून उभी राहिली. नवरा कॅन धुवायला आला होता. त्यानं तिला बघितलं आणि कॅन खाली ठेवला.

"हवालदार," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "तुम्ही आमचं गवत चोरलंय का?"

"तोंड सांभाळून बोल, बाई!"

"बघू द्या सगळ्यांना. इकडं या. हात पुढं करा."

हवालदार आले ते माणसं बघत होती म्हणून. भोपळ्यानं त्यांचा हात हुंगला, चाटला, शेपूट हलवली. रोजचे होते ते.

"आता तो झाकणाचा डबा उघडा. त्यातला सदरा घाला. वरून."

"हा कुणाचा?"

"घाला तर."

हवालदारांनी नाक मुरडत डोकं आत घातलं. त्यांचं डोकं बाहेर यायच्या आत भोपळ्याच्या मानेवरची लव उठली. धाकटी 'धर' म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. कुत्रं झेपावलं, दोरी तिचा तळवा सोलत गेली, आणि सदऱ्याचा घोळ भोपळ्याच्या दातात आला. "अगं आवर! आवर त्याला!" हवालदार सदऱ्यात अडकून ओरडत होते. माणसं मागं सरली.

"सोड," ती म्हणाली. ओरडली नाही.

त्यानं सोडलं. हवालदारांनी सदरा काढून लांब फेकला, आणि कुणीतरी हसलं. "हवालदार, पेंढ्या कुठं लपवल्यात?" मग सगळेच हसले. हवालदारही शेवटी हसले, मिशीतल्या मिशीत.

"सदरा भाऊजींचा आहे," धाकटी म्हणाली. "कुत्रं चोराला धरत नाही. या वासाला धरतं."

हसणं थांबलं. एक गाडीवाला, म्हातारा, बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ते झालं. पण बाई, नालबंदाच्याच वासावर ते लागलं कसं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. रात्रभर तिनं उत्तर जुळवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"कोट होता त्यांचा. हवालदार म्हणाले परक्याचं कापड घ्या. मी तो घेतला."

टाकीची तोटी ठिबकत होती. कुणीतरी ती घट्ट केली.

"मी म्हटलं होतं," हवालदार हळूच म्हणाले. "परक्याचं म्हटलं होतं मी."

"शाबास!" मागून एक बाई बोलली. "सख्ख्या दिराला कुत्र्याच्या तोंडी दिलं. वर गावभर चोर केलं."

"दूधवाल्या, तुला नव्हतं ठाऊक?"

नवऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मी ओळखला असता दादाचा कोट. ओळखला नसता होय? तो… हिनं उलटा करून शिवला होता."

थोरले उठले होते. ते हळूहळू जवळ आले. भोपळ्या गुरगुरला, तसे थांबले. त्यांनी जमिनीवरचा सदरा डाव्या हातानं उचलला, झटकला, बगलेत धरला. ते रागावलेले दिसत नव्हते. काहीतरी नीट समजून घ्यायचं असल्यासारखे दिसत होते.

"उलटा का, धाकटे?" त्यांनी विचारलं.

तिनं दोरी सोललेल्या तळव्याभोवती आणखी एक वेढा गुंडाळली.

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग "बरं" म्हणाले, परत जाऊन झाडाखाली बसले आणि ऐरण सरळ केली. म्हाताऱ्या गाडीवाल्यानं आपला बैल सोडला आणि त्यांच्यापुढं नेऊन उभा केला.

काम परत आलं, पण पहिल्यासारखं नाही. जखम भरली, तरी उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटेनात. हातोडी धरताना ती बाहेरच राहायची. घोड्याचं काम त्यांनी सोडून दिलं. बैल तेवढे करायचे. नवऱ्यानं कुरणाचा ओढ्याकडचा पट्टा त्यांच्याकडं सोडला, त्यावर दोघांत एक शब्द झाला नाही. चोर कोण होता ते कधीच कळलं नाही.

लाल गाईचा खूर थोरल्यांनीच तासला. नवरा स्वतः बोलवायला गेला होता. फाटक सताड उघडं होतं, भोपळ्याला आत कोंडलं होतं, पाणी ठेवलं होतं. थोरले फाटकाबाहेर थांबले. त्याच घरात ते जन्मले होते.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी, विचारता काय! या ना," धाकटी म्हणाली.

ते आले, खूर तासला, पाणी प्यायले, गेले. पुढच्या खेपेला पुन्हा फाटकाबाहेर थांबले. "आत येऊ का?" तिनं पुन्हा या म्हटलं. टोचून बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. ते खरंच विचारायचे, आणि कुणी या म्हणेपर्यंत पिशवी हातात घेऊन उन्हात उभे राहायचे. त्यांना तसं उभं राहावं लागू नये म्हणून धाकटी त्यांची चाहूल लागली की हातातलं काम टाकून धावायची. कधी ती गोठ्यात असायची, कधी पाण्याला गेलेली असायची. मग ते उभेच असायचे.

भोपळ्या म्हातारा होऊन एका उन्हाळ्यात मेला. थोरले दीर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेले, छातीत कफ भरून, दुपारच्या वेळी, भिंतीपलीकडच्या त्यांच्या खोलीत. धाकटी तेव्हा टाकीवर पाण्याला गेली होती.